128 बाइटांचा संसार

जपानमध्ये 1978 साली 100 येनची नाणी बाजारातून दिसेनाशी झाली, टांकसाळीला जादा नाणी पाडावी लागली आणि या साऱ्या टंचाईचे कारण एक खेळ होता, अशी कथा गेली चाळीसहून अधिक वर्षे जगभर सांगितली जाते. कथा रंजक आहे. परंतु रोखीच्या व्यवहाराशी ज्याचा थोडाफार संबंध आला आहे त्याला ती ऐकताक्षणीच शंका यावी. खेळाच्या यंत्रात पडलेले नाणे तेथे कायमच्या मुक्कामाला राहात नाही. यंत्राचा मालक आठवड्यातून एकदा तरी पेटी उघडतो, नाणी मोजतो, पिशव्या बांधून बँकेत भरतो, आणि तीच नाणी पुन्हा दुकानदारांच्या गल्ल्यात सुट्ट्या पैशांच्या रूपाने परततात. टंचाई व्हावयाची तर नाणी कोणी तरी दडवून ठेवावी लागतात. प्रत्यक्षात 1978 आणि 1979 या दोन्ही वर्षी जपानच्या टांकसाळीने आधीच्या आणि नंतरच्या वर्षांपेक्षा कमीच 100 येनची नाणी पाडली होती. तेव्हा कथा खोटी ठरते. मात्र लोकांनी ती इतकी वर्षे खरी मानावी, एवढा त्या खेळाचा बोलबाला होता, याबद्दल दुमत नाही.

तो खेळ म्हणजे ‘स्पेस इन्व्हेडर्स’, अर्थात अंतराळातून आलेले आक्रमक. तैतो या जपानी कंपनीने तो 1978 मध्ये बाजारात आणला. खेळाची मांडणी कोणाही शाळकरी मुलाला क्षणात कळावी अशी. पडद्यावर वरच्या भागात परग्रहावरील प्राण्यांच्या पाच रांगा, प्रत्येक रांगेत 11, एकूण 55. ही फौज डावीकडून उजवीकडे सरकते, कडेला पोहोचली की एक पायरी खाली उतरते आणि उलट दिशेने चालू लागते. तळाशी खेळणाऱ्याची एकुलती एक तोफ, तिच्यापुढे चार आडोसे. वरून गोळे पडत असतात. आडोशामागून निसटून नेम धरावयाचा, फौज जमिनीला टेकण्यापूर्वी ती संपवावयाची. एक फौज संपली की दुसरी हजर. या खेळात विजय असा नाहीच. किती वेळ टिकलो एवढाच हिशेब. पडदा मुळात काळा-पांढरा होता. त्यावर रंगीत पारदर्शक कागदाच्या पट्ट्या चिकटवून रंगाचा आभास आणला होता. कॉफीगृहांत चहा-कॉफी ठेवावयाच्या टेबलाच्या काचेखाली हा पडदा बसविलेला असे, आणि केवळ या एकाच खेळाची यंत्रे मांडलेली खास दुकानेही जपानभर निघाली. तैतोने अशी लाखाहून अधिक यंत्रे बसविली.

हा सारा खेळ तोमोहिरो निशिकादो या एका अभियंत्याने जवळपास एकहाती घडविला. त्यांनी चित्रे काढली, आज्ञावली लिहिली, आणि ती लिहिण्यासाठी लागणारी साधनेही स्वतःच तयार केली, कारण त्या काळी जपानमध्ये ती विकत मिळण्याची सोय नव्हती. या कामाला सुमारे वर्ष गेले. त्यांच्या मनात अमेरिकेतील अटारी कंपनीचा ‘ब्रेकआउट’ हा विटा फोडण्याचा खेळ होता. त्याच्यासारखा, पण समोरून प्रतिकार होणारा खेळ त्यांना हवा होता. विटांच्या जागी काय ठेवावे, हा प्रश्न आला. रणगाडे ठेवून पाहिले, विमाने ठेवून पाहिली. त्यांची हालचाल डोळ्यांना खटके. माणसांची आकृती मात्र पडद्यावर सहज चालत होती. परंतु माणसांवर गोळ्या झाडण्याचा खेळ करणे योग्य नव्हे, असे ठरले. या कथेत थोडा विरोधाभासही आहे, कारण याच निशिकादोंनी 1975 मध्ये दोन बंदूकधारी माणसांनी एकमेकांवर गोळ्या झाडण्याचा ‘वेस्टर्न गन’ हा खेळ केला होता. या वेळी तो मोह टाळला. अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटाची धूम चालू असल्याचे त्यांच्या कानी आले होते; तेव्हा आक्रमक अंतराळातून आणावेत असे ठरले आणि त्यांना रूप दिले गेले माकुळ, खेकडा आणि अष्टपाद या समुद्री जीवांचे. माणूस वाचला, पण नेम खेकड्यावर गेला! किडामुंगीलाही जपण्याचे संस्कार ज्या घरांत होतात तेथील आजी-आजोबांना ही तडजोड कितपत रुचेल, हा प्रश्न वेगळा. पण नेम कोणावर धरावयाचा याचा विचार खेळ घडण्याच्या आधी झाला होता, एवढी नोंद तरी त्यांनी अवश्य करावी.

‘वेस्टर्न गन’चा उल्लेख आणखी एका कारणासाठी करावा लागतो. तो खेळ जपानहून अमेरिकेत गेला तेव्हा तेथील मिडवे कंपनीने तो ‘गन फाइट’ या नावाने नव्याने बांधला आणि त्यात मायक्रोप्रोसेसर बसविला. आपल्याच खेळाचे ते सुधारलेले रूप पाहून निशिकादो प्रभावित झाले आणि पुढच्या खेळासाठी त्यांनीही इंटेलचा 8080 हा प्रोसेसर घेतला. अशी ही देवघेव होती. अमेरिकेतील विटांवरून जपानमधील फौज सुचली, अमेरिकेतील प्रोसेसरवर ती चालली आणि दोन वर्षांत ती पुन्हा अमेरिकेत, तीही थेट अटारीच्या दारी पोहोचली.

मूळ खेळातील सर्वांत मोठी गंमत योजनेतून आलेली नाही, हे येथे सांगितले पाहिजे. यंत्र पडद्याचे चित्र सेकंदाला साठ वेळा नवे काढीत असे आणि प्रत्येक वेळी फौजेतील एकाच प्राण्याला पुढे सरकवीत असे. सारे 55 जिवंत असताना प्रत्येकाची पाळी जवळजवळ सेकंदाने येई. म्हणून फौज रेंगाळत चाले. जसजसे प्राणी मारले जात तसतशी उरलेल्यांची पाळी लवकर येऊ लागे. शेवटचा एक उरला की तो पडद्यावरून अक्षरशः धावत सुटे. म्हणजे खेळणारा जिंकू लागला की खेळ आपोआप अवघड होई. हा यंत्राच्या मर्यादेचा परिणाम होता. दुसऱ्या एखाद्याने दोष समजून तो काढून टाकला असता. निशिकादोंनी तो राहू दिला. त्याच्या जोडीला चार खर्ज सुरांची एक ठेक्याची चाल होती. फौज वेगाने येऊ लागली की हा ठेकाही छातीच्या ठोक्यांप्रमाणे वाढे.

आता खरी गोष्ट सुरू होते, ती घरातील.

अटारीने सप्टेंबर 1977 मध्ये ‘व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टीम’ नावाची एक पेटी बाजारात आणली होती. पुढच्या बाजूला लाकडी नक्षीची पट्टी, किंमत 199 डॉलर. ती घरच्या दूरदर्शन संचाला जोडावयाची आणि वरच्या खाचेत खेळाची डबी बसवावयाची. आपल्याकडे पुढे अशा डबीला सर्रास ‘कॅसेट’ म्हणू लागले, जरी तिच्या आत फीत नसे. पेटी विकली जात होती, पण घराघरांत असा तिचा प्रसार झालेला नव्हता. दुकानातील यंत्रांवर लोक रांगा लावून जो खेळ खेळत होते तोच घरी मिळाला तर, हा विचार पुढे आला आणि अटारीने तैतोकडून ‘स्पेस इन्व्हेडर्स’चा रीतसर परवाना घेतला. दुसऱ्या कंपनीचा गाजलेला खेळ मोबदला देऊन घरच्या यंत्रावर आणण्याचे हे पहिले ठळक उदाहरण मानले जाते. तोपर्यंत एकाचा खेळ चालला की दुसऱ्याने किरकोळ फेरफार करून तो उचलावा, अशीच रीत होती.

परवान्याचा कागद झाला, पण खेळ त्या पेटीत मावावयाचा कसा? येथे थोडी आकडेमोड वाचकांनी सहन करावी. ती समजल्याशिवाय पुढचे कौतुक कळणार नाही. दुकानातील यंत्राजवळ आज्ञावली साठविण्यासाठी 8 किलोबाइट जागा होती आणि काम करताना टिपणे ठेवण्यासाठी आणखी 8 किलोबाइट. यातील 7 किलोबाइट केवळ पडद्याच्या चित्रासाठी राखून ठेवलेले. पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याची वहीत स्वतंत्र नोंद, असा तो प्रशस्त कारभार होता. अटारीच्या पेटीत टिपणांसाठी होते 128 बाइट. किलोबाइट नव्हे, नुसते बाइट. हा मूळ यंत्राच्या 64 वा हिस्सा झाला. आजच्या संगणकात देवनागरीतील एक अक्षरचिन्ह साठवावयास साधारणतः 3 बाइट लागतात. म्हणजे या लेखाचे पहिले वाक्यदेखील त्या पेटीच्या स्मरणात मावले नसते. कॅसेटमध्ये आज्ञावलीला जागा 4 किलोबाइट, म्हणजे मुळाच्या निम्मी.

पडद्याच्या चित्रासाठी तर जागाच ठेवलेली नव्हती. जुन्या दूरदर्शन संचाच्या काचेवर इलेक्ट्रॉनचा झोत एकामागून एक आडव्या रेषा ओढीत वरून खाली येत असे, हे अनेकांना आठवत असेल. अटारीच्या पेटीत चित्राची वहीच नसल्यामुळे, झोत एखाद्या रेषेवर आला की त्या रेषेत काय दिसावे हे प्रोसेसरने त्याच क्षणी सांगावयाचे. एका रेषेसाठी प्रोसेसरला 76 ठोक्यांचा अवधी मिळे आणि एकेका बारीक आज्ञेला दोनपासून पाच-सहापर्यंत ठोके लागत. म्हणजे वीस-पंचवीस आज्ञांत एक रेषा उरकावयाची आणि लगेच पुढची. पंगतीत पाने मांडली जात असतानाच भात शिजवून वाढावयाचा, तोही सेकंदाला साठ पंगती, असे काहीसे हे काम होते.

शिवाय ती पेटी मुळात समोरासमोर दोन खेळाडूंचे सोपे सामने दाखविण्यासाठी बांधलेली. तिची चित्रे काढणारी चिप हलत्या आकृती म्हणून ओळखत असे ती दोन खेळाडूंना, त्यांच्या दोन गोळ्यांना आणि एका चेंडूला. दोन रणगाडे एकमेकांवर गोळे टाकीत आहेत, एवढ्यापुरते ते पुरेसे होते. फौज कोठून आणावयाची?

हे काम रिक मॉरर या प्रोग्रॅमरकडे होते. ते पूर्वी फेअरचाइल्ड कंपनीत घरगुती यंत्रांसाठीच खेळ लिहीत असत. परवान्याची बोलणी होण्यापूर्वीच त्यांनी आपल्या आवडीने या खेळाचा कच्चा आराखडा करून पाहिला होता. तेव्हा कार्यालयात कोणाला त्यात विशेष रस वाटला नाही आणि तो बाजूला ठेवून ते ‘मेझ क्रेझ’ या दुसऱ्या खेळाकडे वळले. परवाना हाती आल्यावर ते बाजूला पडलेले काम एकाएकी महत्त्वाचे झाले. कार्यालयांतून काम केलेल्यांना यात नवल वाटू नये.

मॉरर यांनी त्या चिपची एक सोय हेरली. खेळाडूच्या एका आकृतीच्या शेजारी ठरावीक अंतरावर तिच्याच आणखी दोन प्रती चिप आपोआप उमटवू शकत असे. ही सोय ‘कॉम्बॅट’ या खेळात विमानांची तुकडी दाखविण्यासाठी वापरली जाई. दोन आकृती आणि प्रत्येकीच्या तीन प्रती, म्हणजे एका रांगेत सहा. म्हणूनच अटारीच्या घरगुती खेळात रांगेत सहाच आक्रमक दिसतात. झोत जसजसा खाली उतरे तसतशी त्याच दोन आकृतींना नवी रूपे देत पुढची रांग, त्याच्या पुढची रांग असे करीत सहा रांगा. एकूण 36. त्याच आकृती वर फौज होऊन दिसत आणि तळाशी येईपर्यंत तोफेचे काम करीत. लहान नाटक मंडळीत पहिल्या अंकातील दरबारी दुसऱ्या अंकात पोशाख बदलून सैनिक होतात, तसाच हा प्रकार. यातही एक अडचण होती. तिघांपैकी मधला मारला गेला की त्या ठरीव रचनेत खिंडार पडे, आणि ते खिंडारही झोताशी शर्यत करीतच दाखवावे लागे.

36 जणांपैकी जिवंत कोण, कोणाच्या गोळीने आडोशाचा किती भाग उडाला, गुण किती, तोफा किती शिल्लक, फौज कोठपर्यंत आली, या सर्वांची नोंद त्या 128 बाइटांत. एका बाइटात होय-नाही अशा आठ नोंदी राहतात. त्या हिशेबाने एका रांगेतील सहा जणांची हजेरी एकाच बाइटात मावते. असे पै-पै वाचवीतच तो संसार चालला असणार.

काटकसर म्हटली की काय सोडावे हे ठरवावे लागते, आणि मॉरर यांच्या निवडीची खरी पारख तेथे होते. त्यांनी 19 आक्रमक सोडले. चारपैकी एक आडोसा सोडला. मूळ आकृतींची हुबेहूब नक्कल सोडली. घरातील प्राणी माकुळ किंवा खेकड्यांसारखे दिसत नाहीत, ते निराळेच आहेत. जे ठेवले ते असे: फौजेची ती शिस्तबद्ध चाल, कडेला पोहोचताच एक पायरी खाली उतरणे, वरून मधूनच निघून जाणारे यान, छातीच्या ठोक्यांसारखा ठेका आणि शेवटी शेवटी वाढत जाणारा वेग. हा वेग दुकानातील यंत्रात आपसूक आला होता. अटारीच्या पेटीत तो तसा येणे शक्य नव्हते, कारण तेथे मारले गेलेले किती आणि उरलेले किती याची पर्वा न करता झोत आपल्या ठरल्या वेळी खाली उतरतच असतो. तेथे तो वेग जाणूनबुजून लिहावा लागला. एका यंत्राचा दोष दुसऱ्या यंत्रात गुण म्हणून मुद्दाम उतरवावयाचा, तर खेळाचा जीव कशात आहे हे आधी नेमके उमगलेले असावे लागते.

मूळ खेळात नसलेली एक भरही त्यांनी घातली. खरोखरीचे रंग तर आलेच. पण कॅसेटच्या वेष्टनावर छापले होते की, आत 112 खेळ आहेत. 4 किलोबाइटांत 112 खेळ ही जाहिरातीची अतिशयोक्ती वाटेल. परंतु हिशेब केल्यास आकडा बरोबर येतो. आडोसे स्थिर की हलते, वरून येणारे गोळे सरळ की नागमोडी, त्यांची गती साधी की जलद, फौज दिसणारी की अदृश्य, असे चार प्रश्न. प्रत्येकाला दोनच उत्तरे. म्हणजे 16 प्रकार झाले. एकट्याने खेळणे आणि दोघांनी खेळण्याच्या सहा तऱ्हा मिळून सात. सात गुणिले सोळा, एकशे बारा. प्रत्येक प्रकार वेगळा लिहिला असता तर जागा केव्हाच संपली असती. येथे चार कळा उलटसुलट करून सारे साधले.

दोघांच्या तऱ्हांविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते. दुकानातील यंत्रावर दोघे खेळत ते आळीपाळीने. एकाचा डाव चालू असता दुसरा बघत उभा राही. घरच्या खेळात दोघांच्या दोन तोफा एकाच वेळी पडद्यावर येत. एकच तोफ दोघांनी वाटून घेऊन चालविण्याचे प्रकारही होते. दिवाणखान्यात जमिनीवर फतकल मारून बसलेली दोन भावंडे, हातात एकेक जॉयस्टिक आणि तोफ मात्र एक, म्हणजे गोळी वाया गेली की भांडण ठरलेले. दुकानात तासाला किती नाणी पडतात यावर खेळाचे मोल ठरे, म्हणून तेथे डाव लवकर संपणे मालकाच्या हिताचे. घरी एकदा पैसे मोजले की डाव कितीही लांबो. मॉरर यांनी हा फरक ओळखून खेळाची रचना केली, असे त्या सहा तऱ्हांकडे पाहून वाटते.

कॅसेट 1980 मध्ये बाजारात आली. त्याच वर्षी ती 10 लाखांहून अधिक खपली आणि पुढील काही वर्षांत एकूण खप 60 लाखांवर गेला. आधी पेटी घ्यावयाची आणि मग तिच्यासाठी खेळ निवडावयाचा, ही रीत उलटी झाली. लोक हा खेळ हवा म्हणून पेटी विकत घेऊ लागले. अटारीने अमेरिकेत या खेळाची राष्ट्रीय स्पर्धाही भरविली. तीत दहा हजारांहून अधिक मुलामाणसांनी भाग घेतला. अटारी ही कंपनी वॉर्नर कम्युनिकेशन्सने 1976 मध्ये 2 कोटी 80 लाख डॉलर देऊन घेतली होती. त्या गुंतवणुकीचे खरे फळ आता दिसू लागले.

मॉरर यांना या कामाचे सुमारे 11 हजार डॉलर मिळाले, असे नोंदले गेले आहे.

हा आकडा वाचल्यावर पेन्सिल आपोआप हाती येते. 60 लाख कॅसेटींवर 11 हजार डॉलर विभागले तर एका कॅसेटमागे एका सेंटचा पाचवा हिस्सादेखील पडत नाही. अर्थात कंपनीची बाजूही पाहिली पाहिजे. मॉरर पगारी नोकर होते. पेटी कंपनीची, परवान्याचे पैसे कंपनीचे, जाहिरात कंपनीची, खेळ पडला असता तर तोटाही कंपनीचाच. नफ्यातोट्याच्या पत्रकात पगार हा खर्च असतो, भागीदारी नव्हे. हा युक्तिवाद चूक म्हणता येत नाही. परंतु अपुरा मात्र आहे. ताळेबंदाच्या जिंदगीच्या बाजूला इमारत दिसते, यंत्रे दिसतात, गोदामातील माल दिसतो. सहा आक्रमकांची रांग दोन आकृतींतून कशी काढावी हे ज्याला सुचले त्या माणसासाठी तेथे रकाना नसतो. तो सोडून गेला तर पत्रकात एका आकड्याचाही फरक पडत नाही, आणि म्हणून तो सोडून जाणार याची चिंताही वरच्या मजल्यावर कोणाला वाटत नाही.

या चिंतेचे कारण अटारीसमोर आधीच घडून गेले होते. चार प्रोग्रॅमर, डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, अ‍ॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड, यांच्या हाती विक्री विभागाचे एक टिपण आले, ज्यात कोणती कॅसेट किती खपली ते लिहिले होते. त्यावरून त्यांनी हिशेब मांडला तेव्हा कंपनीच्या कॅसेटींच्या विक्रीतील निम्म्याहून मोठा वाटा आपल्या चौघांच्या खेळांचा आहे असे त्यांना आढळले. ते कंपनीचे प्रमुख रे कॅसार यांच्याकडे गेले. कॅसार कापडधंद्यातून आलेले. त्यांनी या मंडळींची तुलना टॉवेलची नक्षी काढणाऱ्यांशी केली, असे पुढे सांगितले गेले आहे. चौघे बाहेर पडले आणि 1979 मध्ये त्यांनी ‘अ‍ॅक्टिव्हिजन’ काढली. अटारीच्याच पेटीसाठी खेळ करणारी ही स्वतंत्र कंपनी. तिच्या खेळांवर घडविणाऱ्याचे नाव छापले जाऊ लागले. अटारीत मात्र नावाला मज्जाव होता. वॉरन रॉबिनेट या प्रोग्रॅमरने तर आपल्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळात एक गुप्त खोली करून तीत आपले नाव लपवून ठेवले. कंपनीला त्याचा पत्ता ते नोकरी सोडून गेल्यावर लागला.

चौघे गेल्यावर अटारीने उशिरा का होईना शहाणपण दाखविले आणि खपानुसार प्रोग्रॅमरला काही देण्याची प्रथा सुरू केली. तिचा मोठा लाभ झाला तो टॉड फ्राय यांना. 1982 मध्ये आलेल्या ‘पॅक-मॅन’च्या घरगुती आवृत्तीसाठी त्यांना कॅसेटमागे 10 सेंट मिळाल्याचे सांगितले जाते. पेटी तीच, 128 बाइट तेच, कॅसेटची जागाही तीच 4 किलोबाइट. चार भुते एका वेळी दाखविणे जमेना, म्हणून ती पाळीपाळीने दाखविली गेली आणि पडद्यावर ती सतत लुकलुकत राहिली. चक्रव्यूह निराळा, रंग निराळे, आवाज निराळे. कॅसेट लाखोंनी खपली, पण दुकानातील खेळ डोळ्यांसमोर ठेवून ती घरी नेलेल्या मुलांचा हिरमोड झाला. सारा दोष फ्राय यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. घाई, अपेक्षा आणि कॅसेटची तोकडी जागा यांनीही आपापला भार टाकला होता. एवढे मात्र दिसते की, 19 आक्रमक वगळूनही ‘स्पेस इन्व्हेडर्स’ खेळणाऱ्याला ओळखीचा वाटला आणि चारही भुते ठेवूनही ‘पॅक-मॅन’ परका वाटला. 1983 मध्ये अटारीचा तोटा 50 कोटी डॉलरच्या वर गेला आणि पुढच्या वर्षी वॉर्नरने तिचा घरगुती यंत्रांचा धंदा विकून टाकला. त्या पडझडीची कारणे अनेक आहेत आणि त्यांना स्वतंत्र लेख लागेल.

मॉरर यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’नंतर अटारीसाठी दुसरा खेळ पूर्ण केला नाही.

तिकडे जपानमध्ये निशिकादोंचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. खेळाच्या यशानंतर कंपनीने त्यांना बढती देऊन व्यवस्थापक केले. बढती मिळाल्याने माणसे सांभाळणे, बैठका आणि कागद वाढले. ज्या हातांनी वर्षभर खपून ती फौज उभी केली त्या हातांना आज्ञावली लिहिण्यास वेळ उरला नाही. खेळाचा जनक कोण, हे त्या काळी बाहेर सांगण्याचीही त्यांना मुभा नव्हती. 1996 मध्ये तैतो सोडून त्यांनी ‘ड्रीम्स’ नावाची स्वतःची कंपनी काढली, तोपर्यंत त्यांची फौज घराघरांतल्या पडद्यांवर उतरून सोळा वर्षे झाली होती. पुढे लोक त्यांच्या मुलाखती घेऊ लागले तेव्हा ते किती गुण मिळवू शकतात, हा प्रश्न हमखास येई. आपण या खेळात अगदीच कच्चे आहोत, असे ते हसत सांगत.